नववी सुई

"गाडी जाऊ द्या," असं म्हणून सिस्टर सुई धरलेला हात तसाच वर ठेवायच्या. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं, रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्यांची खोली होती. गाडी आली की खाट थरथरायची, कपाटाच्या काचा वाजायच्या. शेवटचा डबा जाईपर्यंत हात हलायचा नाही. मग विचारायच्या, "कुठवर आलो होतो?" आपण आकडा सांगायचा आणि पुढची सुई लागायची.

आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. रिटायर झाल्यावर ॲक्युपंक्चर शिकल्या आणि ही खोली घेतली. आसपासचे लोक 'सुयांचा दवाखाना' म्हणत. येणारे सगळे जुन्या दुखण्याचे. कुणाची कंबर, कुणाला लकवा होऊन गेलेला, कुणाची वीस वर्षांची साखर.

"बरं करते असं मी कुणालाच म्हणत नाय," त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. "दुखणं घरात राहायला आलंय, ते राहणार. आपण फक्त त्याला कोपऱ्यात बसवायचं. आन् डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या तर ही पायरी चढायची नाय."

त्यांचा नियम एकच होता. सुया लावताना मोठ्यानं मोजायच्या, काढताना मोठ्यानं मोजायच्या, आणि पेशंटनं किंवा सोबतच्या माणसानं डोळ्यांनी बघून हो म्हणायचं. ऑपरेशनच्या खोलीतली सवय ती. "कात्र्या-बोळ्यांची मोजणी जुळल्याशिवाय मी पोट शिवू दिलं नाय कधी. मोठमोठे सर्जन हात वर करून उभे राह्यचे माझ्यापुढं." हे सांगताना त्यांची मान जराशी वर व्हायची. शेवटी म्हणायच्या, "अकरा गेल्या, अकरा आल्या. उठा."

आता माझं सांगते. मी जन्माची भित्री. शाळेत चाळीस पोरांवर ओरडणारी बाई भित्री कशी, असं तुम्ही म्हणाल, पण होते. संधिवातानं माझ्या बोटांचे सांधे सुजले होते. सकाळी मूठ वळायची नाही, फळ्यावर लिहिताना खडू गळून पडायचा. आज खडू पडला, उद्या घास पडेल, परवा वेणी कुणाकडून घालून घ्यावी लागेल, असं मी मनात घोकत बसायची. आणि सुईची भीती तर लहानपणापासूनची. सिस्टर "एक" म्हणाल्या की मी डोळे मिटायची, ते "उठा" म्हणेपर्यंत उघडायची नाही. "बघितलं ना?" असं त्या विचारायच्या आणि मी बंद डोळ्यांनी "हो" म्हणायची. सात-आठ महिने असंच चाललं होतं.

सुया झाल्या की व्यायाम. व्यायाम म्हणजे काय, तर बोटं एकेक करून मिटायची. "मोडायचं नाय, वळवायचं. दुखलं की थांबा, मारामारी करायला आलो नाय आपण." एक, दोन, तीन, असं दहापर्यंत. शेवटी त्या विचारायच्या, "दहा मिटली?" माझी करंगळी बहुतेक उभीच असायची. मी आपली सांगायची, "मिटली." त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

हर्सूलच्या तलावापलीकडून एक बाबा यायचे. जन्म मेंढरांमागं गेलेला, अंगानं काटक, पण साखरेनं गुडघ्याखालची जाणीव गेलेली. थोरल्या भावाला असंच झालं होतं. पायात काटा मोडला तो कळला नाही, पाय काळा पडला आणि कापावा लागला. "शिष्टर, मला मरणाचं भ्या नाय," बाबा म्हणायचे, "पायाचं लई भ्या वाटतं." सिस्टर त्यांच्या पावलांना सुई लावत नसत. रोज पावलं कशी तपासायची ते मात्र त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. सुया लागायच्या पोटऱ्यांना, नऊ. बाबांना पडल्या पडल्या पाय दिसायचे नाहीत, आणि सोबत कुणी नसायचं. म्हणून सिस्टर मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, यांची मोजणी तुम्ही बघा." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? सुईकडे बघवत नाही हे सांगायची लाज वाटली.

त्या दुपारी सिस्टर बाबांच्या सुया काढत होत्या. मी शेजारी स्टुलावर, डोळे मिटून. "पाच. सहा." आणि गाडी आली. "जाऊ द्या," सिस्टर म्हणाल्या. मालगाडी होती, संपता संपेना. आवाज थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कुठवर आलो होतो?"

"सात," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. मी मोजत नव्हतेच, घरी जाऊन कणीक मळता येईल का याचा विचार करत होते.

"आठ. नऊ. बघितलं ना?"

"हो."

"नऊ गेल्या, नऊ आल्या. उठा." बाबांनी धोतर सारखं केलं, वहाणा घातल्या आणि बस गाठायला निघाले.

पाऊण तासानं मी बोटांचा व्यायाम करत होते. सिस्टर बाबांच्या तबकातल्या वापरलेल्या सुया एकेक उचलून टाकायच्या डब्यात सोडत होत्या. प्रत्येक सुईचा बारीक टिण असा आवाज यायचा. मध्येच त्यांचा हात तबकावर थांबला. मग त्यांनी तबकभर बोटं फिरवली.

"मास्तरीणबाई, बाबांच्या आठच हायत. तुम्ही बघितल्या होत्या ना?"

"हो," मी परत म्हणाले. "खाली पडली असेल एखादी."

दोघी खाली बसलो. मी खाटेखाली बघत होते आणि सिस्टर तळहातानं फरशी चाचपत होत्या. फरशीवर कुणाची तरी केसातली पिन पडली होती, चांगली चकचकीत, त्यांच्या अगदी पुढ्यात. त्यांचा चेहरा तिकडंच होता. हात पिनेच्या बाजूनं गेला, परत आला, पुन्हा गेला. त्यांना पिन दिसत नव्हती.

म्हणजे सुई लावताना त्या बोटानं जागा इतका वेळ चाचपायच्या, ते यासाठी. मोजणी आमच्याकडं सोपवली होती, तीही यासाठीच. त्या माझ्या डोळ्यांच्या भरवशावर होत्या आणि माझे डोळे मिटलेले होते.

"सिस्टर," मी म्हणाले, "मी बघितलं नव्हतं. मी कधीच बघत नाही. मला भीती वाटते."

त्या फरशीचा आधार घेत उठल्या. मला वाटलं, आता बोलतील, चांगलं फैलावर घेतील. त्या म्हणाल्या, "रिक्षा बोलवा."

हर्सूलपर्यंत रिक्षात त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांपुढून बाबांच्या भावाचा पाय हलेना. एवढ्या बारीक सुईनं काय होतंय, असं मी स्वतःला समजावत होते; पण काटाही बारीकच असतो. "काचबिंदू हाय," सिस्टर अचानक म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. कडेचं गेलं, आता मधलंबी जातंय. सांगितलं असतं तर तुम्ही कुणी आला नसता. मग दिवसभर मी काय करायचं, याचंच भ्या वाटलं." भीतीपोटी त्यांनी लपवलं होतं. मीही तेच करत आले होते.

वस्तीवर बाबा दारातल्या बाजेवर बसून चहा पीत होते. आम्हाला बघून हसले. "आज शिष्टर माझ्या घरी?"

"पाय द्या इकडं," सिस्टर म्हणाल्या आणि खाली मातीत बसल्या. दोन्ही हातांनी घोट्यापासून वर चाचपत गेल्या. डाव्या पोटरीच्या आतल्या अंगाला बोटं थांबली. सुई वाकून तिच्या वरच्या जाड मुठीपर्यंत आत बसली होती, भोवती लाल झालं होतं. बाबा आमच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, बघा."

या वेळी मी बघितलं. सुई निघताना सबंध बघितली, टोकापासून मुठीपर्यंत. रक्ताचा एक थेंब आला.

"सबंध आली?"

"आली. मोडलेली नाही."

"नऊ," सिस्टर म्हणाल्या. बाबांचे हात जोडलेले होते. कुणासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. त्याच रिक्षानं आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. सिस्टरनी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या डोळ्यांसकट. नंतरचे आठ दिवस मी रोज हर्सूलला जाऊन ती पोटरी बघून आले. लाली ओसरली, पाय शाबूत राहिला. त्या आठ दिवसांत मी धड जेवले नाही.

सिस्टरनी त्यानंतर सुई हातात धरली नाही. चूक माझी होती, असं मी शंभरदा सांगितलं. "तुम्ही भ्यालात, मीबी भ्याले," एवढंच म्हणाल्या. काही महिने नुसता व्यायाम घेत राहिल्या. मग खोली सोडून बिडकीनला भाचीकडं राहायला गेल्या.

तिथं मी त्यांना शेवटची भेटले. दिसणं पूर्ण गेलं होतं, अंगानंही खंगल्या होत्या. मी पाया पडले तर त्यांनी माझे हातच पकडले. सांधे चाचपले. मग हात सोडून म्हणाल्या, "करा बघू."

मी बोटं मिटू लागले. त्या मोजत होत्या, सावकाश, पहिल्यासारख्याच. दहा झाल्यावर विचारलं, "दहा मिटली?"

मिटली म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना कुठं दिसणार होतं? मी हाताकडं बघितलं. उजवी करंगळी उभी होती.

"नऊ," मी म्हणाले. "करंगळी नाही वळत, सिस्टर. कधीच वळली नव्हती."

त्यांनी चाचपत ती करंगळी शोधली आणि आपल्या मुठीत धरली. "आता बघितलंत," त्या म्हणाल्या.

त्या गेल्याचं भाचीनं दोन महिन्यांनी कळवलं. मी अजून रोज सकाळी बोटं मिटते आणि नऊवर थांबते.