कुटलंबाई आणि कोरडा नळ

मोबाईलवर आलेला फोटो पुढं पाठवण्याआधी तो कुठला आहे, असं तुम्ही शेवटचं कधी विचारलंत? आमच्या समाजशास्त्राच्या बाई रोज विचारायच्या. दुधनीकडच्या, घरी कानडी, शाळेत मराठी. पडद्यावर किल्ला येवो की संसद, प्रश्न ठरलेला. "कुटलं हाय हे? कुणी टाकलंय? कशावरून?" पोरांनी त्यांचं नावच कुटलंबाई ठेवलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "चांगलं हाय की."

आमची शाळा कुंभारीजवळच्या विडी कामगार वसाहतीतली. शाळेचा प्रोजेक्टर धूळ बसेल म्हणून कपाटात कुलूपबंद असे. बाईंनी किल्ली मागून घेतली आणि परत दिलीच नाही. "वापरून बिघडला तर दुरुस्त करता येतंय. न वापरता बिघडला तर पोरांना काय सांगायचं?" पहिल्या दिवशी त्यांनी इंटरनेटवरचा उपग्रहाचा नकाशा लावला आणि थेट आमची वसाहत दाखवली. एकसारख्या छपरांत आपलं घर शोधताना इतका गोंधळ झाला, की शेजारच्या वर्गावरचे सर ओरडायला आले आणि स्वतःचंच घर शोधत उभे राहिले.

नववीत बाईंनी काम दिलं: वसाहतीच्या एका प्रश्नावर अर्ज लिहा, चांगला असेल तो खरोखर सरकारी कार्यालयात देऊ. मी पाणी घेतलं. नळाला पाणी यायची वेळच नव्हती. आई विड्या वळायला पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन दारात बसायची, एक डोळा नळावर. वडिलांनी कामगारांच्या सभांमधून आणलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले होते, त्यामुळे अर्ज पेटता झाला. वर इंटरनेटवरचा फोटो चिकटवला: कोरडा नळ, घागरींची रांग.

बाईंनी तो पडद्यावर मोठा केला. नळामागच्या टेम्पोची नंबरप्लेट राजस्थानची होती.

"कुटलं हाय गं हे?"

"आपल्यासारखंच आहे की बाई. पाणी येत नाही हे तर खरंय ना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "हिच्या नळाला राजस्थानातनं पाणी येतंय." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"व्हय, खरं हाय. म्हणूनच चिडले मी. साहेबाला हा टेम्पो दिसला, की खोटी ठरंल तुझी आई. तू न्हाय."

मला रडू आलं नाही, राग आला. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बघते तर बाई आमच्या दारात आईशेजारी बसलेल्या, मांडीवर कोरी वही. पाणी कधी आलं, कधी गेलं ते आई सांगत होती, बाई लिहून घेत होत्या. पुढं पंधरा दिवस आम्ही पोरींनी ती वही चालवली. नकाशाच्या छापील प्रतीवर एकेक नळ मांडला, त्याचा आमचाच फोटो काढला, पाणी आल्या-गेल्याची वेळ लिहिली.

कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज चाळून विचारलं, "हे कशावरून?"

इतका ओळखीचा प्रश्न. आम्ही वही पुढं सरकवली.

काही आठवड्यांत वेळ ठरली, सकाळी सात. पाणी अजून कमीच येतं, पण सातला येतं. तेव्हापासून आई दाराकडं पाठ करून विड्या वळते.

बाई निवृत्त होऊन दुधनीला गेल्या. जाताना प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली नववीच्या वर्गातल्या खिळ्याला अडकवून गेल्या. ती अजून तिथंच असते. मी आता स्वतः पत्रकं लिहिते. छापण्याआधी बाईंना पाठवते, आणि प्रत्येक वेळी एखाद्या ओळीपुढं उत्तर येतं: "कशावरून?" ती ओळ मी पुन्हा शोधायला जाते.

तुमच्या गल्लीतली पोरं वही घेऊन दारात आली, तर त्यांना बसायला जागा द्या. खरं काय ते वेळेसकट सांगा. आणि त्यांनी "कशावरून" विचारलं तर रागावू नका, उठून दाखवा.