बसायची सोय

हिंगोलीतून औंढ्याकडे निघालं की शहर संपता संपता हॉटेलांची रांग लागते. पूर्वी तिथं हळदीची शेतं होती, आता पाट्या आहेत. फॅमिली रेस्टॉरंट, गार्डन रेस्टॉरंट, शुद्ध शाकाहारी, आणि त्याला लागूनच अंडा-मटण. फॅमिली म्हणजे एक पडदा. पडद्याच्या आत बायका-लेकरं आणि बाहेर बाकीचे. जेवण सगळीकडे एकच, एक लाल रस्सा आणि एक पिवळा. त्यात पनीर टाकलं की एक नाव, काजू टाकला की दुसरं. मी चौथी शिकले, पण त्यांचं मेनूकार्ड वाचायला तेवढी पुरते.

त्या रांगेत माझ्या पुतण्याचं हॉटेल आहे. पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा मुलगा. त्या हॉटेलात आम्ही दोघी जावा स्वयंपाकाला होतो. मी आता नाही. ती आहे.

जावेचं आणि माझं आधी सांगते. तिचा नवरा माझा दीर, वसमतला नोकरीला होता. लग्नानंतर काही वर्षं ती तिकडंच राहिली. पुढं तो वारला तेव्हा लेकरू घेऊन गावी आली. तेव्हापासून आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. ती मला अक्का म्हणते. तिच्या तोंडात साखर आहे, माझ्या तोंडात नाही. म्हणून बाहेरचं बोलणं तिनं करायचं आणि भांडण मी, अशी आमची वाटणी होती.

गावात देशी दारूचं दुकान होतं. ते बंद करायचं तर बायकांनी मतदान करावं लागतं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहतं, आडवीवर मारला तर जातं. आम्ही दोघी घरोघर फिरलो. आमच्या बौद्धवाड्यात फिरलो, मराठ्यांच्या आळीत फिरलो, पलीकडच्या तांड्यावर गेलो. ती बायकांना समजावून सांगायची आणि मी त्यांच्या नवऱ्यांना दारातून हाकलायची. बाटली आडवी झाली, दुकान गेलं. तेव्हापासून पुरुष मला मागून ‘आडवी बाटली’ म्हणतात. म्हणू द्या. गावात एखाद्या बाईला नवऱ्याला धाक घालायचा असला की ती माझं नाव घ्यायची. मला जमीन थोडी, शिक्षण थोडं. मोठं असं एवढंच होतं.

पुतण्यानं हॉटेल काढलं तेव्हा तो गावी आला. म्हणाला, “मोठीमाय, तुमी आन् माय दोघी आल्या तर घरच्या हातचं जेवण म्हणून बोर्ड लावतो. त्या रस्त्याला भाकरी कोनीच देत न्हाई.”

मी म्हटलं, “येते. पण तुझ्या छपराखाली दारू दिसली तर त्या दिवशी निघाले.”

“दारू काहून दिसंल? मी काय तुमाला वळखत न्हाई?”

जाऊ शेजारीच होती. म्हणाली, “अक्का, तुमच्या शब्दाबाहेर ते लेकरू जाईल का?”

हिंगोलीत आम्हाला एक खोली घेऊन दिली. सकाळी ऑटोनं जायचं, दिवस मावळायच्या आत ऑटोनं परत. ज्वारीची भाकरी, पिठलं, भरलं वांगं, अंबाडीची भाजी, ठेचा. दुपारी माणसं यायची. कोर्टात तारखेला आलेली, दवाखान्यात पेशंट असलेली, मोंढ्यात हळद घालून मोकळी झालेली. जेवायची, बोटं चाटायची, जायची. माणूस भाकरीनं लवकर भरतो, आणि भरलेला माणूस थांबत नाही. संध्याकाळी आमचं हॉटेल रिकामं आणि समोरच्या हॉटेलापुढं मोटारसायकलींना जागा नाही. पुतण्या दारात उभा राहून समोर बघायचा. मला ते दिसत होतं.

एके दिवशी दुपारी त्याचे सासरे आणि मेहुणा आले होते. सगळे एका टेबलाला होते. मी भाकरी घेऊन गेले तर पुतण्या म्हणाला, “मोठीमाय, संध्याकाळच्याला लोकायला बसायची सोय करावं म्हणून राहिलो. पण तुमी हो म्हणल्याबिगर करत न्हाई.”

मी म्हटलं, “मला काहून विचारतो? बसू दे की. आलेल्या माणसाला काय उभं ठेवतोस?”

सगळे हसले. सासरे तर खोकेपर्यंत हसले. जाऊ पाण्याचा जग घेऊन उभी होती, तीही हसली. पदर तोंडाला लावून हसली. माझं बोलणं तसं तिखट असतं, माणसं हसतात. मी आत गेले.

आता इथं वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी इतकी कशी भोळी. मी भोळी नाही. आमच्या गावात माणूस पितो, ढोसतो, झिंगतो, गटारीत पडतो. बसत नाही. बसणं म्हणजे ढुंगण टेकणं. शहरातली माणसं दारू पिण्याला बसणं म्हणतात, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मागच्या मोकळ्या जागेत हिरवी जाळी लावून बारक्या झोपड्या झाल्या. प्रत्येकीत एक टेबल, चार खुर्च्या, वर एक बल्ब. मला बरं वाटलं. उन्हात माणसाला सावली होईल म्हटलं. मग स्वयंपाकघरात नवी कामं आली. शेंगदाणे तिखटमीठ लावून तळून ठेवा. हरभरे भिजवून कांदा-लिंबू घालून ठेवा. पापडावर टाकायला कांदा-टमाटा बारीक चिरा. अंडी उकडा. मी करत गेले. एक गोष्ट मला कळत नव्हती. दुपारचं गिऱ्हाईक म्हणायचं, आजी, मीठ थोडं जास्त झालं. आणि संध्याकाळच्या पदार्थांचं पुतण्या म्हणायचा, मीठ वाढवा, तिखट वाढवा, कमी पडून राहिलंय. भाकऱ्या मात्र तशाच परत यायच्या.

“संध्याकाळी भाकरी कोनीच खाईना का?” मी जावेला विचारलं.

“नाष्ट्याचं गिऱ्हाईक हाय अक्का. हलकं खातेत.”

“हलकं कुठंय? मीठ तर जनावराला घालतेत तेवढं लागून राहिलं.”

“आजकालची जीभच तशी झाली.”

ती कधी कधी माझ्यानंतर थोडी थांबून यायची. भांडी मोजून घेते म्हणायची. आणि पुतण्या मला ऑटोत स्वतः बसवून द्यायचा. “तुमचं वय झालं मोठीमाय, उशीर काहून करता?” पोटचं पोरही असं विचारत नाही, असं मी खोलीवरच्या शेजारणीला सांगितलं होतं. हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

एका दिवशी चष्मा स्वयंपाकघरात राहिला. ऑटो निम्म्या रस्त्यात होता, मी तो वळवायला लावला. हॉटेलावर आले तर उजेड अजून होता. मागच्या दारानं आत जायचं तर झोपड्यांवरून जावं लागतं. पहिल्या झोपडीत चार जण होते. टेबलावर माझे शेंगदाणे, माझे हरभरे, पापड, आणि मधे बाटली. उभी.

एक जण गडबडीनं उठला. आमच्याच गावचा. एक हात पेल्यावर झाकण ठेवल्यासारखा ठेवला आणि दुसऱ्या हातानं, “जयभीम, काकू.”

मी जयभीम केला.

तो म्हणाला, “काकू, शेंगदाने लई भारी. चकना खावा तर तुमच्या हातचा.” आणि सोबतच्यांना सांगायला लागला, “ह्या आमच्या गावच्या. गावातलं दुकान ह्यांनीच बंद केलं बरं का.”

एक जण म्हणाला, “मंग बरोबर हाय. तिकडलं बंद केलं म्हणूनच तर हिकडं गर्दी हाय.”

ते हसले. मी चष्मा घेतला. पुतण्या धावत आला. “मोठीमाय, आपण विकत न्हाई. ते घेऊन येतेत. आपण निस्तं बसू देतो. तुमी हो म्हणल्या होत्या.”

“कशाला हो म्हणले होते?”

“बसायला.”

मग मला कळलं. एवढा वेळ लागला. तिथंच उभी असताना सासऱ्याचं हसणं आठवलं, मेहुण्याचं आठवलं. त्यांचं काही वाटलं नाही, ते परके. पदराआडचं हसणं आठवलं तेव्हा मी पाठ फिरवली आणि ऑटोत जाऊन बसले.

जाऊ खोलीवर आली तेव्हा मी कपडे पिशवीत भरत होते. तिला काय झालं ते कळलं होतं. दारातच उभी राहिली.

मी म्हटलं, “बसणं म्हंजे काय ते तुला ठावं होतं?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“वसमतला होतो तवापासून. ते घरी यायचे आन् म्हणायचे, मित्रात बसलो होतो. मीच वकाऱ्या पुसायचे.”

“आन् मी काय समजून बोलून राहिले, तेबी ठावं होतं?”

ती दारातून आत आली. मग म्हणाली, “अक्का, लेकराचं हॉटेल बंद पडून राहिलं होतं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी चालू दिलं असतं का?”

“नसतं.”

“मंग?”

तिला लेक आहे, लेकाचं घर चालायला हवं. ते मला समजतं. मी तिला म्हटलं, “तुमचं हॉटेल तुमी चालवा. मी जाते. पण तो गावचा माणूस आज-उद्या घरी जाऊन बोलंल. माझं एकच काम कर. चार बायात एकदा सांग, की अक्काला म्हाईत नव्हतं. बस्स.”

“सांगते. त्यात काय एवढं.”

“माझी आन घे.”

“तुमची आन अक्का.”

मी गावी आले. माझ्या आधी बातमी आली होती. नळावर एक सून मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसरीला म्हणाली, “आपल्याकडून आडवी पाडून घेतली आन् तिकडं उभी करून राहिल्या.” एका घरी तर नवराच बायकोला म्हणाला, जा, आता काढ तुझ्या आडव्या बाटलीचं नाव. ती बाई बिचारी मला येऊन विचारत होती, खरं हाय का आजी. मी म्हटलं, पुनवेला जाऊ येणार हाय, तिच्या तोंडून ऐक. माझ्या तोंडचं कुणाला खरं वाटायचं नाही हे मला माहीत होतं. तिच्या तोंडचं वाटतं.

पौर्णिमेला बायका विहारात वंदनेला जमतात. वंदना झाली, चहा झाला. जाऊ आली होती, नवीन लुगडं नेसून. मीच विषय काढला. म्हटलं, “बाई, हॉटेलाचं काय झालं ते सांग समद्यायला.”

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. नळावरची सून होती, ती नवऱ्याचं ऐकून घेतलेली बाई होती. जावेनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. मतदानाच्या वेळी ती त्यांच्या दारात उभी राहून बोललेली होती. मला माहीत नव्हतं असं तिनं सांगितलं, की लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग तुला माहीत होतं का. हे मला त्या क्षणाला दिसलं. त्याआधी दिसलं नव्हतं.

ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “काय सांगायचं? अक्काच्या शब्दाबाहेर आमी कधी गेलो न्हाई. लेकरानं चार मानसात इचारलं, अक्का हो म्हणल्या, तवाच केलं.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मी म्हटलं, “एवढंच?”

“अजून काय सांगू अक्का?”

मग मीच बोलले. सांगितलं की त्यानं बसायची सोय म्हटलं, मला वाटलं खुर्च्या. सून फसकन हसली. “आता बसणं म्हंजे काय ते कोनाला कळत न्हाई आजी? टीव्हीवर रोज दाखवतेत.” बाकीच्या हसल्या नाहीत. चहाचे कप गोळा करायला लागल्या. माझा कप उचलणारी म्हणाली, “जाऊ द्या आजी. पोटासाठी करावं लागतं. आमी काय नावं ठेवून राहिलो का?” हे मात्र हसण्यापेक्षा वाईट होतं.

वाटेत जाऊ माझ्या बरोबरीनं चालत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, “राग आला का?”

मी म्हटलं, “आन घेतली होतीस.”

“मी कुठं खोटं बोलले?”

मी माझ्या दाराची कडी काढली आणि आत गेले.

ती महिन्या-दोन महिन्यांनी गावी येते. हॉटेल चांगलं चाललंय, आता आत एसी बसवलाय म्हणतात. गावात कुणी मला वाईट बोलत नाही. कुणी मला बोलवतही नाही. दोन घरं सोडून एकीचा नवरा पिऊन येतो, त्याची बायको ओरडते. पूर्वी ती माझ्या नावानं ओरडायची, आता नुसतीच ओरडते.

भाजी टाकल्यावर मीठ संपलं असं लक्षात आलं, की आम्ही भिंतीवरून वाटी पुढं करायचो. ती गावी असली की अजून तिकडून आवाज देते, “अक्का, काही पायजे का?” मी ओ देत नाही. भाजी उतरवून ठेवते आणि दुकानात जाते. दुकान लांब, पाराजवळ आहे, गुडघे दुखतात. तरी जाते.