बस आहे का बघायला गेले आणि जागा बघत फिरले

आमच्या सोनलला आंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातलं स्थळ आलंय. आलंय म्हणजे तिनंच आणलंय, दोघं ठाण्याला एकाच ऑफिसात आहेत. मुलगा घरी चहा पिऊन गेला, चांगला आहे. पण लग्नानंतर ही रोज त्या गावातून ठाण्याला जाणार कशी? सोनलनं मोबाईलवर गावाची माहिती काढून वाचून दाखवली. लोकसंख्या अमुक, घरं तमुक, सार्वजनिक बस: आहे. म्हटलं, मोबाईल काय त्या बसमध्ये बसून आलाय? मी बघून येते, मग होय-नाही बोलू.

गावाचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. रस्ता सांगते. डोंबिवलीहून टिटवाळ्याची गाडी धरायची, आंबिवलीला उतरायचं. बाहेर शेअर रिक्षा. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की नाही ते रिक्षावाला ठरवतो. मला वाटलं भरली, तर त्यानं स्वतःच्या दोन्ही बाजूंना दोघं बसवले आणि वर माझ्या मांडीवर कोणाचीतरी मेथी. मोहने गावापर्यंत रस्ता ठीक, पुढे नुसते खड्डे. कंबर दुखत असेल त्यांनी जाऊ नये. सुट्टे पैसे आणि पाणी घ्या.

मेथीवाल्या बाईनं विचारलं, कोणाकडं? मुलाचं नाव घेतलं असतं तर मी पोचायच्या आत तिकडे पोहे भिजले असते, आणि मग खरं कोण सांगणार? मी ठोकून दिलं, जागा बघायला आलेय.

जागा बघायला आलेय, असं आमच्या भागात कुणापुढे बोलू नका. गावात उतरले तर मेथीवालीनं हाक दिली आणि होती नव्हती ती सगळी वस्ती बाहेर आली. ज्याला त्याला आपलाच तुकडा दाखवायचा. मी जागेकडे बघतच नव्हते. विचारत होते, बस किती वेळानं येते? एकानं सांगितलं, सारखी. दुसरा म्हणाला, मोठा रस्ता मंजूर झालाय. एका म्हाताऱ्यानं तर भाताच्या खाचरात उभं राहून सांगितलं, मेट्रोचं स्टेशन इथंच, तुम्ही उभ्या आहात तिथं. चपला चिखलात गेल्या त्या गेल्याच.

फिरवत फिरवत शेवटी एका दादांनी आपल्या ओटीवर बसवलं. समोर भिंतीवर फोटो. आमच्या घरी चहा पिऊन गेलेला मुलगा. म्हणजे हे व्याही. मी पदर सारखा केला, ओळख मात्र दिली नाही. दादा म्हणाले, पोराचं लग्न काढलंय म्हणून कडेचा तुकडा विकतोय, नाहीतर असली जागा कोण देतं? स्टेशन पाच मिनिटांवर.

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. "पाच मिनिटांत? विमान हाय का आपल्याकडं?" मग माझ्याकडे वळली. "बाय, बस नाय येत. आली तर वळायला जागा नाय म्हणून नाक्यावरूनच मागं पलते. रिक्षा भरेपर्यंत अर्धा जीव जातो."

दादांनी डोळे वटारले. ती कुठली थांबतेय. "उद्या ही बाय इथं घर बांधंल न् रोज माज्या नावानं बोटं मोडंल. येणाऱ्या सुनंला पन मी हेच सांगनार. आधी येऊन बघ, मग हो बोल. पोराला सांगितलंय, तिला रोज स्टेशनला गाडीवर सोडायचं, नायतर डोंबिवलीला खोली घे."

मला खोटं पुढे रेटवेना. म्हटलं, मी तुमच्या सुनेची आई.

ती कपाळाला हात लावून हसत सुटली. दादा हळूच म्हणाले, "म्हणजे जागा नकोय?"

घरी आले तर सोनल दारातच. बस आहे का? म्हटलं, नाही. रस्ता? नाही. रिक्षा? असून नसल्यासारखी. तिचं तोंड उतरलं. मग नाही म्हणायचं का, विचारते.

"गाढवे, हो म्हण. बस आज ना उद्या सुरू होईल. नवऱ्याचं गिऱ्हाईक घालवून खरं बोलणारी सासू कुठल्या गावात मिळणारे?"