वाचून न दाखवलेलं कलम

हे मी कोणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवापुढं न्हाई, पिऊन बसलो तेव्हा पण न्हाई. आणि मी पीत होतो, हेही आताच ऐकून घे. तुला सांगून राह्यलो म्हणून तू कोणी मोठा लागून गेलास असं समजू नको. कोणापुढं तरी ओकायचं होतं. तू समोर बसलास, बस.

आणि मधी मधी मान हलवू नको. 'असं होतं कधी कधी' असं तर बिलकुल म्हणू नको. असं होत नसतं — माणूस करतो तेव्हा होतं.

मी जालन्याच्या स्टेशनाजवळ जकातीच्या नाक्यावर अहलकार, म्हणजे कारकून. निजाम सरकारची जकात वेगळी, इंग्रजाची वेगळी. आमच्या जकातीला करोडगिरी म्हणतात. मुंबईचा माल मनमाडवरून आला की आमच्यापुढं उघडायचा. सरकारचे हुकूम यायचे उर्दूत. बाजारातल्या माणसाला उर्दू कुठली? मंग मी हुकूम वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि ज्याचा माल अडकला तो खाली अंगठा उठवायचा — 'मजकूर वाचून दाखवला, समजला.' माझ्या तोंडातून निघालं तेवढंच सरकार बोललं, असं लोक धरून चालायचे. त्याची मला नशा होती. खोटं कशाला बोलू?

आता किसनभाऊचं सांगतो. सांगावंच लागतं.

किसनभाऊ माझा चुलतभाऊ, वडीगोद्रीचा. आमचं घर पटवेकऱ्याचं. मणी, पोवळी रेशमाच्या दोऱ्यात ओवायची, गाठी मारायच्या, हाच पिढीजात धंदा. आजूबाजूच्या धनगरांच्या अकरा वाड्या आमच्या आज्यापासून आमच्याकडं. तिथं नवरीला हळद लागायच्या आधी गळ्यात पोवळ्याची माळ पायजे, ती आमच्याच घरच्या हातानं ओवलेली पायजे, आणि शेवटची गाठ मांडवात, तिच्या गळ्यातच मारायची. पोवळं खरं पायजे. एका लगीनसराईत पटवेकरी पोवळं घेऊन आला न्हाई, तर वाडी दुसरा पटवेकरी धरते. एकदा धरला की पोरांच्या पोरांपर्यंत तोच. गाव तुटलं म्हणतात त्याला. किसनभाऊला बोटभर जमीन नव्हती. त्या अकरा वाड्यांवर त्याचं घर चालायचं.

मी त्यातून निसटलो होतो. उर्दू शिकलो, शेरवानी घातली, आणि नाक्यावर सांगून टाकलं — आम्ही अंबड तालुक्यातले जमीनवाले. नामदेवराव म्हणायचे मला. कोण विचारायला जातंय? चाललं होतं बराबर.

मंग एक दिवस किसनभाऊ फलाटावर भेटला. आमचे मोठे साहेब बाजूला उभे, दोन अडते उभे. ह्यानं लांबूनच हाक मारली — "अरे नामा!" — आणि खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगितलं, ह्याच्या बापानं मारलेली गाठ दातानं सुटत नव्हती, आणि ह्या येड्याला स्वतःच्या नाड्याची गाठ मारता येत न्हाई. पटवेकऱ्याच्या पोटी असलं कसं निपजलं म्हणून तोच मोठ्यानं हसला. अडते हसले. साहेब पण हसले, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, क्यूं नामदेवराव, जमीन कितनी है?

एवढंच. ह्याच्यापुढं काही न्हाई. त्यानं मायेनं केल्तं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त आग झाली की काय? मला त्याचा चेहरा नको झाला. त्याचं हसणं, त्याची ती रेशमाच्या रंगानं लाल झालेली बोटं, त्याचं 'नामा' म्हणणं — सगळ्याचा मी दोन वर्षं राग राग केला. तोंडावर मात्र गोड. मी तसाच आहे.

ती दोन वर्षं सरता सरता इटलीनं आफ्रिकेतल्या अबिसिनियावर फौज घातली. कुठं अबिसिनिया, कुठं जालना! पण जगातल्या राज्यांची एक पंचायत बसायची, तिनं ठरवलं की इटलीला वाळीत टाका, तिचा माल कोणी घ्यायचा न्हाई. मंग विलायतेनं तसा कायदा केला, दिल्लीनं केला. पण दिल्लीचा कायदा आमच्या राज्यात आपोआप चालत न्हाई. इंग्रजाच्या रेसिडेंट साहेबाचं पत्र हैदराबादेत निजाम सरकारला गेलं. तिथं सरकारनं आपल्या नावानं, आपल्या भाषेत, आपल्या मोहरेचा हुकूम काढला, जरीद्यात, म्हणजे सरकारी गॅझेटात छापला, आणि त्याची एक नक्कल औरंगाबादवरून माझ्या टेबलावर आली. साहेबांनी सही ठोकली आणि म्हणाले, पढ लो. त्यांना वाचायचा कंटाळा.

मी वाचला. नीट वाचला, दोनदा. सहा कलमं होती.

आणि पोवळं कुठून येतं ठाऊक आहे? इटलीच्या समुद्रातून. आमच्या अकरा वाड्यांतल्या धनगरांच्या पोरींच्या गळ्यात इटलीचा समुद्र होता, आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

किसनभाऊची पेटी आली ती हुकुमानंतर चौथ्या दिवशी. हातभर लांब लाकडी पेटी. श्रावणातच मुंबईच्या व्यापाऱ्याला सांगून मागवलेली, पुऱ्या लगीनसराईची. मधला मणी मोठा आणि दोन्ही अंगांना उतरत जाणारे, असं माप तो एकटाच मागवायचा. पेटीवर इटलीचा शिक्का. मी ती अडकवली. तिथपर्यंत माझं काही चुकलं न्हाई. अडकवायचीच होती.

तो आला, माझ्यापुढं उकिडवा बसला. मी हुकूम वाचायला घेतला. पहिलं कलम, दुसरं, तिसरं, चौथं. वाचायचो, मराठीत सांगायचो. तो मान डोलवत होता.

पाचवं कलम असं होतं — हुकुमाच्या तारखेआधी जो माल जहाजावर चढला, तो सुटेल. मालकानं पंधरा दिवसांत व्यापाऱ्याचा दाखला आणावा आणि नाक्यावर अर्ज द्यावा.

मी थांबलो. किती? एक श्वास घेण्यापुरतं. तुला वाटेल नजर चुकली. न्हाई. त्या ओळीवर माझं बोट होतं. बोट उचललं आणि सहाव्यावर ठेवलं. माल जप्त, आणि चोरून आणणाऱ्याला सजा.

त्यानं विचारलं, "काही वाट न्हाई का, नामा? त्यांचं भांडण लागायच्या आधी मागवल्यालं हाय मी."

बघ. पाचवं कलम त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं मला. उर्दूचं अक्षर येत नसताना. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, कायदा जगाचा आहे, माझ्या हातात काय?

त्यानं अंगठा पुढं केला.

"तू वाचलं म्हंजे म्याच वाचलं," म्हणाला.

शाई मी लावली. त्याचा अंगठा धरून कागदावर मीच दाबला. त्या दिवशी मला झोप चांगली लागली, हे तुला ऐकवत नसंल तर ऊठ आणि जा.

पंधरा दिवस गेले. मी मोजत होतो. एकदा त्याच्या पोरीला ताप आला म्हणून तो जालन्यात दवाखान्यात आल्ता, मला भेटून गेला, तेव्हा अजून चार दिवस बाकी होते. मी त्याला डाळिंबं घेऊन दिली पोरीसाठी.

मंग लगीनसराई लागली. किसनभाऊनं लाल काचेचे मणी ओवले. फसवलं न्हाई कोणाला. मांडवात उभा राहून खरं सांगितलं — ही काच आहे, पोवळं सरकारनं धरलंय, सुटलं की माळ बदलून देतो. लोक म्हणाले, का धरलं? तर म्हणाला, इटलीच्या राजानं लढाई केली. आता सांग, मांडवात बसलेल्या धनगराला हे पटणार? त्यांनी एकमेकांकडं बघितलं. पोवळं ह्यानं दुसरीकडं विकलं, अशी बोलवा उठली.

त्यातल्या एका वाडीचे म्हातारे कारभारी मात्र सरळ माणूस. त्यांनी ठरवलं, ऐकीव नको. पायी जालन्याला आले, मला शोधत नाक्यावर आले. घोंगडं खाली ठेवलं आणि म्हणाले, किसन सांगतो ते खरं का, एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल ते आम्ही धरू.

अकरा वाड्या त्या म्हाताऱ्याच्या रूपानं माझ्यापुढं उभ्या होत्या. 'खरं आहे' — दोन शब्द. तेवढे बोललो असतो तर काचेच्या माळेवर ती सराई निघाली असती. त्यांनी वाट बघितली असती.

मी हुकूम काढला. पाचव्या कलमावर बोट ठेवलं. त्यांना काय वाचता येणार? पण बोट ठेवलं. म्हणालो, आधी मागवलेला माल सोडायची सवलत होती. अर्ज करायचा होता. ह्यानं केला न्हाई. वाचून दाखवलं होतं, हा बघा अंगठा.

ते म्हणाले, "म्हंजे सोडवता येत असून सोडवलं न्हाई त्यानं?"

मी मान खाली घातली. म्हणालो, "आता मी काय बोलू, भाऊ आहे माझा."

हे वाक्य मी रात्रंदिवस ऐकतो. शिवी दिली असती तर ती विसरता आली असती.

कारभाऱ्यांनी वाडीवर जाऊन काय सांगितलं, किसनभाऊला काय म्हणाले, का काहीच म्हणाले न्हाईत — मला माहीत न्हाई. भांडण झालं न्हाई. फक्त बोलावणं थांबलं. आधी त्या वाडीचं, मंग शेजारच्या दोन, होळीपर्यंत अकराच्या अकरा. बदनापूरकडचा, जुनं पोवळं शिल्लक असलेला कोणी पटवेकरी धरला त्यांनी. किसनभाऊ बायकापोरं घेऊन जालन्याला आला आणि मालधक्क्यावर हमाली करायला लागला. माझ्या टेबलापासून पन्नास पावलांवर. खिडकीतून दिसायचा.

तू म्हणशील, रागात माणूस करतो. थांब. अजून झालं न्हाई.

आखाडात दुसरा हुकूम आला. तोपर्यंत इटलीनं अबिसिनिया गिळून टाकलं होतं, आणि पंचायत म्हणाली, आता बंदी कशाला, उठवा. विलायतेनं उठवली, दिल्लीनं उठवली, हैदराबादेनं आपल्या मोहरेनं उठवली. खाली एक ओळ होती — अडकलेला माल मालकानं महिन्याच्या आत मागितला तर परत द्यावा, न्हाई तर बोली लावून विकावा.

ज्यानं मुलूख लुटला त्या इटलीला सगळ्यांनी मोकळं केलं. आणि माझा भाऊ खिडकीबाहेर सरकीची पोती उचलत होता. हाक मारायची होती. एक हाक. राग तर कधीच निवला होता, आईशप्पथ, रागाचा कणही न्हवता राह्यला. भीती होती. पेटी परत दिली तर तो विचारील, आधी का न्हाई दिली? साहेब विचारतील. कारभारी विचारतील. मी तो कागद बाकीच्या कागदांखाली सरकवला. महिनाभर रोज टेबलाशी बसलो, रोज त्याला बघितलं, आणि रोज हाक मारली न्हाई. एकदा केलेलं पाप म्हण. हे मी तीस वेळा केलं.

पोळ्याला बोली लागली. नाक्यावरच्या माणसाला बोली बोलता येत न्हाई, म्हणून मेव्हण्याचं नाव लावून ती पेटी मीच घेतली. दुसऱ्या पटवेकऱ्याकडं गेली असती तर वाड्यांवर ते पोवळं फिरलं असतं, कोणी ओळखलं असतं. आणि स्वस्त मिळत होती. हे पण खरं आहे, हे पण धर. घरी सांगितलं, औरंगाबादेतून आणलं.

वर्षं गेली. मोठी लढाई झाली, बाजारात खरं पोवळं बघायला मिळेना. गेल्या माघात माझ्या पोरीचं लग्न निघालं. धनगरांकडं आहे तीच रीत आमच्या घरातही आहे. बायकोनं ट्रंकेतली पेटी काढली. आणि ओवणार कोण? मला तर नाड्याची गाठ येत न्हाई. मला न विचारता तिनं मालधक्क्यावर निरोप धाडला. घरचाच माणूस आहे ना तिच्या लेखी.

मी नाक्यावरून घरी आलो तर किसनभाऊ ओसरीत बसलेला. हातपाय धुतलेले, पुढं ओलं फडकं, फडक्यावर पोवळी. मधला मणी मोठा, दोन्ही अंगांना उतरते. त्यानं ती मापानं लावून ठेवली होती, रेशीम पायाच्या अंगठ्याला ताणलं होतं. पोतं उचलून बोटं जाड झाली होती, तरी गाठ बसत होती.

त्यानं वर बघितलं न्हाई. एक मणी ओवला, गाठ ओढली, आणि हळू म्हणाला, "लई वाट बघितली या मालाची म्या."

बायको आत भाकरी थापत होती. पोरगी जवळच बसून बघत होती, तिला वाटलं काका असाच काही बोलतोय. तो थांबला न्हाई. पूर्ण माळ ओवली. एक गाठ ढिली ठेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी मांडवात येऊन शेवटची गाठ पोरीच्या गळ्यात मारली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, नारळ घेतला.

तोंड उघडायला मला दोन दिवस मिळाले होते. मी काय म्हणालो? म्हणालो, "चहा घेऊन जा, किसनभाऊ."

त्यानं घेतला. भावाच्या घरी आपली कपबशी कोणी आपण विसळत न्हाई. त्यानं मोरीत जाऊन विसळली, कोनाड्यात पालथी घातली, आणि गेला.