डिंकाचे लाडू
तुपात डिंक फुलल्याचा वास आला, की मोताळ्याचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन धाकटी बहीण घरी आली होती. पुढच्या किमोआधी वजन वाढलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वडिलांनी आईला "गाठ काढली" एवढंच सांगितलं होतं. आई खुशीत लाडू वळत म्हणाली, "खाय बाई, अंग भरून येते. तुह्या बाळंतपणात बी असेच करीन." बहीण शांतपणे बोलली, "आता माहं बाळंतपण नाही होत, आई. पिशवीबी काढली." आईच्या मुठीतल्या लाडवाचा भुगा झाला, तिला कळलंही नाही. मग तोच भुगा तिनं पुन्हा घट्ट वळला आणि बहिणीच्या तोंडाशी धरला. "तू हाय ना? खाय." आज लाडू मी वळतेय, पण ज्या तोंडाशी धरायचा ती बहीणच आता नाही, आणि माझी मूठ मध्येच थांबलीय.