नाक गेलेल्या माणसाला आलेला वास

नमस्कार. इथले अमानवीय अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, पण लिहायची हिंमत आज करतोय. खरं सांगू का... निम्म्या गोष्टींना मी मनात हसायचो. पैंजणाचा आवाज, पांढरी साडी वगैरे. लहानपणी गावात एका बाईच्या अंगात यायचं, तिला मी "माझ्या खिशात काय आहे ते सांग" असं विचारलं होतं आणि मार खाल्ला होता. म्हणजे माझा स्वभाव तुमच्या लक्षात आला असेल. सातवीत शाळा सोडली आहे, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

मी मूळचा जत भागातला, जिल्हा सांगली. शाळा सुटल्यावर आईबरोबर बेदाण्याच्या शेडवर जायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून शेड ताडपत्रीने चारी बाजूंनी बंद करतात आणि आत गंधक पेटवतात. तो धूर घशाला असा धरतो की श्वास अर्ध्यात अडकतो. त्यामुळे गंधक लावायच्या आधी आई एकच हाक मारायची, "भायेर". हातातलं काम जसंच्या तसं टाकून सगळे बाहेर. कोणी "का" म्हणून विचारायचं नाही. ते अंगात इतकं भिनलं होतं की झोपेत वास आला असता तरी मी पळालो असतो.

पुढे एका द्राक्षाच्या गाडीबरोबर हमाल म्हणून नागपूरला, कळमन्याच्या मार्केटला आलो आणि इथेच राहिलो. आल्या आल्या तापाने आडवा झालो. ओळख ना पाळख... तेव्हा मार्केटचं गोडाऊन रंगवायला आलेले दिवाकरभाऊ मला स्वतःच्या घरी घेऊन गेले. वहिनींनी मऊ खिचडी करून घातली, आणि उठून बसलो तेव्हा भाऊंनी हातात ब्रश दिला. हे उपकार मी विसरणार नाही. ते आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दलच रागाने लिहिणार आहे.

भाऊ मोठी कामं घेतात. गोडाऊन, बेसमेंट, पाण्याच्या टाक्या. थिनरमध्ये वर्षं घालवून माझं नाक गेलं. गेलं म्हणजे पूर्ण गेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, हे आता परत यायचं नाही. खोलीवर दूध जळून कोळसा झालं तरी मला कळत नाही. म्हणून मी गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघतो, आणि डबा उघडला की आधी मोरेश्वरला हुंगायला देतो. मोरेश्वर माझा जोडीदार, उमरेडचा. वडील मागावर लुगडी विणायचे. त्याचं नाक असं की जिन्यात उभा राहून कोणत्या घरात काय शिजतंय ते सांगतो.

आता मूळ गोष्ट.

रामदासपेठेत एका नव्या ऑफिस-बिल्डिंगची जमिनीखालची टाकी आतून एपॉक्सीने, म्हणजे पाणी झिरपू न देणाऱ्या रंगाने, रंगवायची होती. टाकी कोरी, पाणी एकदाही भरलेलं नव्हतं. उतरायला एकच झाकणाएवढं तोंड आणि लोखंडी शिडी. बाहेर नागपूरचा उन्हाळा, त्यामुळे टाकीत काम मिळालं म्हणून आम्ही खूश... आत गारवा. आणि आमचा शहाणपणा बघा. गरम हवा आत येऊ नये म्हणून आम्हीच त्या तोंडावर ओलं पोतं अंथरलं होतं, खिडकीला खस म्हणजे वाळ्याचा ओला पडदा लावतात तसं. आत थिनरची वाफ, प्रकाशाला हॅलोजन, आणि हवा यायची एकुलती एक जागा आम्ही आपल्या हाताने बंद केलेली.

हवा खेळवायला ब्लोअर हवा हे मी पहिल्याच दिवशी भाऊंना म्हणालो होतो. "आणतो नं गा, उद्या आणतो." असे किती उद्या गेले. वर तोंडापाशी एक माणूस बसलेला असावा लागतो, तोही भाऊंनी दुसऱ्या साइटवर पाठवला. आणि इंजिनिअरसाहेबांच्या केबिनला मात्र भलामोठा कूलर, दिवसभर चालू.

जेवण करून आम्ही परत उतरलो. रंगाचा दुसरा हात चालू होता. मी कोपऱ्यात, मोरेश्वर शिडीजवळ. आणि अचानक मला वास आला.

गंधकाचा. शेडमधला. नाकाला आला, घशाला धरला, डोळ्यांतून पाणी. मी विचार केला असं म्हणणार नाही, कारण केलाच नाही. रोलर टाकला आणि मोरेश्वरचा शर्ट धरून त्याला शिडीकडे ढकललं.

"काय झालं बे? पागल झाला का?"

"गंधक. बाहेर हो."

"कायचा गंधक? थिनर हाय." मग तो थांबला. माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "सांगली... तुले वास येऊन राहिला?"

मला इथे सगळे सांगलीच म्हणतात. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. नंतर तो मला म्हणाला, गंधकाला नाही, तुला वास आला याला मी भ्यालो.

पोतं बाजूला सारून आम्ही बाहेर पडलो आणि कडुलिंबाखाली बसलो. मोकळी हवा लागली तशी मोरेश्वरला लहर आली. डब्यातला कांदा माझ्या नाकाला लावून म्हणाला, "हुंग." काही नाही. पाला चुरगळून दिला. काही नाही. "मंग टाकीतच येते का तुले वास? आत काय साहेबाचं अत्तर सांडलं होतं?" असं म्हणून तो उठला, "चाल, रोलर वाळून जाईन."

तो दोन पावलं गेला असेल, तेवढ्यात टाकीच्या तोंडातून भप्प झालं. जाळ वर आला, पोतं उडून भिंतीवर आपटलं आणि पेटलं. हॅलोजनचा बल्ब आत फुटला होता आणि त्याने थिनरची वाफ पेटली होती. मोरेश्वर जागच्या जागी खाली बसला. मी धावत गेलो, तर त्याने बराच वेळ माझं मनगट सोडलं नाही.

मला आलेला वास गटाराच्या गॅसचा असेल, असं इंजिनिअरसाहेब म्हणाले. टाकीला गटार जोडलेलंच नाही. आणि गॅस असता तर मोरेश्वरला आधी कळायला हवा होता, त्याला थिनरशिवाय काहीच आलं नाही. शिवाय माझं नाक मेलेलं, ते आजही मेलेलंच आहे. संध्याकाळी आईला फोन केला. वाटलं, तिला त्याच वेळी माझी आठवण आली असेल, असं ऐकतो ना आपण. ती म्हणाली, "मी तर शेंगा फोडत बसली हुती. का रं, बरा हाईस न्हवं?" शेडवर जायचं तिने कधीच सोडलंय.

इथवर तुम्हाला अमानवीय वाटत असेल. मला खरं अमानवीय वाटलं ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी भाऊ नारळ घेऊन आले. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. नारळ फोडला आणि उदबत्ती पेटवून टाकीच्या तोंडाशी लावायला वाकले. कालच जिथून जाळ निघाला, तिथे. मी ती हातातून ओढून लांब मातीत खुपसली. "देवाचं हाय बे," भाऊ म्हणाले. मी म्हणालो, "भाऊ, आत थिनर आहे."

ब्लोअर आणला नाही तो नाहीच.

काही दिवसांनी दुसऱ्या बिल्डिंगची टाकी मिळाली. आम्ही पोचलो तर भाऊ तिथल्या मॅनेजरला सांगत होते, "काही टेन्शन नका घेऊ. आपल्यापाशी सांगली हाय. त्याचं नाक म्हणजे मीटर." मग माझ्याकडे वळून, "तू आधी उतर. वास आला तं सांग, नाही आला तं मोरेश्वरले बोलाव."

मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. मी झाकण ओढून तोंडावर घातलं आणि त्यावर बसलो.

"उठ बे."

"ब्लोअर आणा भाऊ. पाइपाचा, हवा तळापर्यंत जाईल असा. आणि वर एक माणूस."

"काहून? देवानं तुले दिलं नं?"

"एकदा दिलं. पुन्हा देईल असं तुम्हाला सांगितलंय का त्याने?"

मॅनेजर हसला. भाऊंचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाले, "माझ्या घरची खिचडी खाल्ली तू. चार लोकांत माझी इज्जत काढतं?"

ते मात्र लागलं. खरंच खाल्ली होती. त्या घराचं दार बंद झालं तर या शहरात मला आपलं म्हणावं असं दुसरं घर नाही. तरी उठलो नाही. म्हणालो, "खाल्ली भाऊ. तुम्ही जगवलंत. आता त्याच माणसाला खाली का पाठवता?"

मोरेश्वर तोवर भिंतीला टेकून उभा होता. तो आला आणि झाकणावर माझ्या बाजूला टेकला. "सरक थोडा," म्हणाला, "झाकण तपलं हाय."

भाऊ गाडीला किक मारून निघून गेले. वाटलं, संपलं. दुपार टळली तेव्हा परत आले, मागच्या सीटवर ब्लोअर आणि गुंडाळलेला कापडी पाइप बांधलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "धर नं गा. एकट्यानं उतरते का हे?"

आज ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. वहिनी अजून डबा पाठवतात.

त्या दिवशी काय झालं, मला सांगता येत नाही. कोणाला माहीत असेल तर लिहा. पण "देवाने वाचवलं" एवढंच लिहायचं असेल, तर आम्हाला खाली कोणी पाठवलं होतं तेही त्याच्याखाली लिहा.

अजूनही टाकीत उतरलो की शेवटच्या पायरीवर थांबून मी एकदा श्वास ओढून बघतो. काहीच येत नाही. वरून ब्लोअरची घरघर ऐकू येते, आणि मोरेश्वर तोंडापाशी बसून विचारतो, "हाय का गा तू?" मी म्हणतो, "हाय." मग रोलर उचलतो.