अकराव्या पानावरची पेन्सिल

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळपासून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. अकोल्याची लेखिका जेवायला येणार होती आणि संध्याकाळी अमरावतीच्या आमच्या वाचनालयात आम्ही दोघी आपापल्या रहस्यकथा वाचणार होतो. ती अकरालाच आली आणि न विचारता शेंगा सोलायला बसली.

"ताई, तुमच्या वाचनालयात माह्या पुस्तकाची मजा झाली म्हणे," ती म्हणाली. "अकराव्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, खून धाकट्या जावेनं केला."

"लोक काहीही करतात," मी म्हणाले आणि सोले, म्हणजे ते ओले दाणे, धुवायला उठले.

लिहिणारी मीच होते. जूनमध्ये ते पुस्तक घरी आणलं आणि एका बैठकीत संपवलं. शेवटच्या प्रकरणापर्यंत मला त्या जावेचा संशय आला नाही, आणि मी स्वतः हेच लिहिते. परत करायला गेले तेव्हा मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. शिक्क्यांना जागा उरली नव्हती. माझ्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर दोन शिक्के होते, त्यातला एक मीच नेलं तेव्हाचा. तिथेच कपाटाआड उभं राहून मी ती ओळ लिहिली. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं.

जेवताना तिनं भाजी दोनदा मागून घेतली. मी वाढत राहिले.

संध्याकाळी तिनं तोच किस्सा श्रोत्यांना सांगितला. सगळे हसले. ग्रंथपाल मागच्या रांगेकडे वळून म्हणाले, "काकू, आज पेन्सिल घरी ठेवली ना?" मग आम्हाला म्हणाले, "चार महिन्यांपासून यांचं कार्ड माझ्याकडे ठेवलं आहे, पुस्तक घरी देत नाही. माझ्या टेबलासमोर बसून वाचतात."

काकू म्हणजे एक निवृत्त परिचारिका. आठवड्याला एक रहस्यकथा वाचतात आणि ज्या पात्राचा संशय येईल त्याच्या नावाखाली पेन्सिलीनं बारीक टिंब देतात, हे वाचनालयात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आळ त्यांच्यावर आला होता. मला ते आत्ता कळत होतं.

"माहं टिंब असते बाप्पा, नाव नाही," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "अन् टिंब मोठ्या जावेखाली होतं. मी तं चुकली होती."

लोक पुन्हा हसले. मीही हसले. वाकडं अक्षर काढण्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. पुढची दहा पानं मी कशी वाचली ते आठवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर काकू माझ्याकडे आल्या. "चांगलं वाचलं. मी मनातल्या मनात मोलकरणीले टिंब देलं. बरोबर आहे का?"

"सांगू?"

"नको नको. शेवट आधी कळला का मले लय राग येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वाचनालय उघडलं तेव्हा मी दारात होते. ग्रंथपालांना सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी तीच ओळ तशाच वाकड्या अक्षरात कागदावर लिहून दाखवली.

"मॅडम, मी त्या बाईला सगळ्यांदेखत बोललो," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं बोलावू?"

"तुम्ही नका बोलावू. त्यांचं कार्ड द्या, मी नेऊन देते."

पायरीवरून अकोल्याला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं, एवढंच म्हणाली, "ताई, काल सोलेही खाऊ घातले तुमी," आणि फोन ठेवला.

मग ऑटो करून काकूंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातलं कार्ड पाहिलं.

"मोलकरणीचं सांगाले आल्या का?"

"नाही," मी म्हणाले. "धाकट्या जावेचं."